साय आणि पापुद्रा: डोळ्याच्या पडद्यावरून नेमकं काय सोलतात

डोळ्यांच्या दवाखान्यात ‘पडदा’ हा एकच शब्द निदान चार गोष्टींसाठी वापरला जातो. ‘पडदा सुटला’ म्हणजे रेटिना, डोळ्याच्या मागच्या भिंतीवरचा प्रकाश टिपणारा थर, आपल्या जागेवरून निघाला. ‘पडद्याला सूज’ म्हणजे रेटिनाच्या मध्यभागी, मॅक्युलात, पाणी साचलं. ‘मोतीबिंदूनंतर पडदा आला, लेझर करून घ्या’ म्हणजे बसवलेल्या भिंगामागची पिशवी धुरकट झाली. तिथे रेटिनाचा काही संबंध नाही, यॅग लेझरने ते काम बसल्या जागी काही मिनिटांत होतं. आणि चौथा, ‘पडद्यावर पडदा’. रेटिनाच्या आतल्या पृष्ठभागावर चढलेला थर. या चौथ्या पडद्याचं ऑपरेशन सुचवलं गेलं, की घरच्यांची समजूत होते की लेझर मारलं की झालं. तो लेझरने जात नाही. डोळ्याच्या आत शिरून, चिमट्याने धरून, सोलूनच काढावा लागतो.

सोलताना हाताखाली दोन वेगवेगळे थर असतात आणि त्यांची गल्लत झाली की बाकी सगळंच चुकीचं समजतं. एक थर बाहेरून येऊन बसलेला असतो, दुधावर साय धरावी तसा. त्याला ईआरएम म्हणतात, म्हणजे एपिरेटिनल मेम्ब्रेन. दुसरा जन्मापासून तिथलाच असतो. रेटिनाचा सर्वांत आतला पारदर्शक पापुद्रा, आयएलएम, म्हणजे इंटर्नल लिमिटिंग मेम्ब्रेन. साय काढली तर दुधाचं काही बिघडत नाही. कांद्याचा पापुद्रा सोलताना मात्र खालच्या थराला थोडा तरी ओरखडा उठतोच. या ऑपरेशनमधले जवळपास सगळे निर्णय या फरकापाशी येऊन थांबतात.

मापं डोळ्यासमोर असू द्यावीत. मॅक्युलाजवळ रेटिनाची जाडी साधारण 250 ते 330 मायक्रॉन असते, म्हणजे एक मिलिमीटरचा चौथा ते तिसरा हिस्सा. त्यावरचा आयएलएम सुमारे 2 ते 3 मायक्रॉनचा. माणसाचा केस 70 मायक्रॉनच्या आसपास भरतो, म्हणजे केसाच्या जाडीत असे पंचवीसेक पापुद्रे मावतील. हा पापुद्रा नुसता चिकटलेला नसतो. म्युलर पेशी नावाच्या आधारपेशी रेटिनाच्या जवळपास पूर्ण जाडीतून उभ्या असतात आणि त्यांची टोकं या पापुद्र्याला भिडलेली असतात. या पेशी रेटिनातलं पाणी आणि पोटॅशियम उपसून समतोल राखतात. पापुद्रा ओढला की त्यांच्या टोकांचे तुकडे त्याच्यासोबत निघतात. काढलेला पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर हे तुकडे त्याला लागलेले दिसतात.

साय का धरते? डोळ्याच्या पोकळीत भरलेला व्हिट्रिअस नावाचा जेल पन्नाशी-साठीनंतर आकसतो आणि रेटिनापासून सुटतो. बहुतेकांना तेव्हा काळे ठिपके, जाळं तरंगताना दिसतं आणि काही दिवसांत त्याची सवय होते. पण सुटताना जेलचा एखादा पातळ थर मागे राहतो, त्यातल्या पेशी वाढतात. काही वेळा आयएलएमला बारीक चिरा पडतात आणि रेटिनातल्या आधारपेशी त्यातून वर येऊन पसरतात. पुढे या पेशींना आकुंचन पावण्याचा गुण येतो. खरा त्रास तिथून सुरू होतो: थर आकसतो आणि खालच्या रेटिनाला चुण्या पडतात. रेटिनाला पडलेली भेग, त्यावर केलेलं लेझर, डोळ्याच्या आतला दाह, शीर तुंबणं, मधुमेह, आधीचं ऑपरेशन, यांमुळेही असा थर येतो आणि तो बहुधा जास्त चिवट असतो.

चुण्या पडलेल्या डोळ्याची तक्रार ‘कमी दिसतं’ एवढीच नसते. सरळ रेघ वाकडी दिसते. दाराची चौकट मध्येच आत खेचल्यासारखी, खिडकीचे गज नागमोडी, फरशीच्या रेषा फुगलेल्या. एका डोळ्याला वस्तू दुसऱ्यापेक्षा मोठी दिसते, त्यामुळे जिना उतरताना पाय अडखळतो. दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा हे सगळं झाकून टाकतो. म्हणून तपासणी एकेक डोळा झाकूनच करायची. मुलांच्या गणिताच्या चौकटीच्या वहीचं पान घ्या, मध्यभागी पेनाने ठळक ठिपका काढा, वाचायचा चष्मा लावून पान वाचायच्या अंतरावर धरा आणि नजर ठिपक्यावर ठेवा. चौकटी कुठे वाकड्या दिसतात, कुठे गायब होतात, ते त्याच पानावर तारीख घालून पेन्सिलीने दाखवा. दोन महिन्यांच्या अंतराने काढलेली अशी दोन पानं डॉक्टरांना ‘वाढतंय की स्थिर आहे’ हे शब्दांपेक्षा चांगलं सांगतात.

निदान पक्कं होतं ओसीटी नावाच्या स्कॅनवर. त्यात रेटिनाचा उभा छेद दिसतो आणि वाचणाऱ्याने तीन गोष्टी शोधाव्यात. मधला खळगा, फोव्हिया, शिल्लक आहे की भरून सपाट झालाय. आतले थर मधल्या भागावर सरकून आलेत का; 2017 मध्ये गोव्हेट्टो आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या चार टप्प्यांत ही खूण तिसऱ्या टप्प्यापासून धरतात आणि अशा डोळ्यांत नजर परतण्याची आशा थोडी कमी असते. तिसरी गोष्ट, प्रकाश टिपणाऱ्या पेशींची बाहेरची रेघ सलग आहे की तुटलेली. ती तुटलेली असेल तर सोलण्याचं काम कितीही सफाईने झालं तरी नजर फारशी सुधारत नाही, आणि हे ऑपरेशनच्या आधी स्पष्ट शब्दांत सांगितलं गेलं पाहिजे.

कोणाचं ऑपरेशन करायचं? माझं मत ठाम आहे: ओसीटीचं चित्र पाहून नव्हे, माणसाची तक्रार ऐकून ठरवावं. साय दिसते पण नजर 6/9 आहे (6/6 म्हणजे पूर्ण नजर) आणि वाकडेपणा जाणवत नाही, अशा डोळ्याला हात लावण्याची घाई नको. बऱ्याच साया वर्षानुवर्षं तशाच राहतात. नजर 6/18 किंवा त्याखाली गेली, किंवा नजर बरी असूनही शिवणकाम, हिशेबाची वही, गाडी चालवणं यांत वाकडेपणा आडवा येतो, तेव्हा विषय काढावा. आणि एकदा काढायचं ठरलं की मग दोन-तीन वर्षं रेंगाळू नये, कारण दीर्घकाळ चुणलेला रेटिना पूर्ववत होत नाही.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनशी याचा थेट संबंध आहे आणि घोळ नेमका इथेच होतो. मोतीबिंदू दाट असेल तर मागची पातळ साय साध्या तपासणीत सुटून जाते. मग महागडं मल्टिफोकल भिंग बसतं, ऑपरेशन उत्तम होतं आणि तरी पेशंट म्हणतो, ‘अक्षरं वाकडी दिसतात.’ मल्टिफोकल भिंग येणारा प्रकाश दूर आणि जवळसाठी वाटून देतं, त्यात कॉन्ट्रास्ट घटतो. सायीखालच्या मॅक्युलाची कॉन्ट्रास्ट टिपण्याची ताकद आधीच कमी झालेली असते. अशा डोळ्याला साधं, एकाच अंतराचं मोनोफोकल भिंगच बरं. शिवाय मोतीबिंदूनंतर मॅक्युलाला सूज येण्याची शक्यता या डोळ्यांत अधिक, म्हणून सूज उतरवणारे थेंब नेहमीपेक्षा जास्त आठवडे चालू ठेवतात. मोतीबिंदूची तारीख घेण्याआधी ओसीटी मागून घ्या; दोन मिनिटांचं काम आहे, सुई नाही, दुखणं नाही.

आता ऑपरेशन. डोळ्याभोवती इंजेक्शन देऊन तेवढा भाग बधिर करतात, पूर्ण भूल क्वचितच लागते. डोळ्यात 5 टक्के पोव्हिडोन आयोडिन घालून किमान तीन मिनिटं थांबायचं. जंतुसंसर्ग टाळण्यासाठी या थेंबांइतकं भरवशाचं दुसरं काही नाही, म्हणून या तीन मिनिटांत कपात नको. मग डोळ्याच्या पांढऱ्या भागातून तीन बारीक नळ्या आत सरकवतात. बुबुळाच्या कडेपासून त्यांचं अंतर नैसर्गिक भिंग असेल तर 4 मिलिमीटर, भिंग बसवलेलं असेल तर 3.5. याहून पुढे गेलं तर भिंगाला धक्का, मागे गेलं तर रेटिनाला भोक. आज 25 गेज, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरची नळी सर्रास वापरली जाते. रॉबर्ट माखेमर यांनी 1970 च्या सुमारास अमेरिकेत या मार्गाने व्हिट्रिअस काढायला सुरुवात केली तेव्हा अवजार 17 गेजचं, जवळपास दीड मिलिमीटरचं होतं.

एका नळीतून सलाईन आत जातं. नळीचं टोक पोकळीत उघडलेलं डोळ्यांनी दिसल्याशिवाय ते सुरू करायचं नाही. टोक रेटिनाखालच्या थरात अडकलेलं असेल तर पाणी तिथे शिरून रेटिना आणि त्याखालचा थर फुगवतं. मग कटरने जेल काढायचा. तो रेटिनाला अजून चिकटलेला असेल तर डोळ्याच्या नसेजवळ कटर ठेवून, कापणं बंद करून नुसत्या ओढीने सोडवायचा. रेटिनाच्या कडेला नव्या भेगा बहुतेक या क्षणी किंवा नळ्यांच्या आसपास पडतात. म्हणून शेवटी बाहेरून डोळा दाबत सगळी कड तपासणं ही टाळायची पायरी नाही.

पापुद्रा पारदर्शक, म्हणून रंग लागतो. 2000 च्या सुमारास इंडोसायनिन ग्रीन आलं. रंगतं छान, पण रेटिनाखालच्या पेशींना अपाय होऊ शकतो असं पुढे दिसलं. आता ब्रिलियंट ब्लू, 0.025 टक्के. सलाईन बंद करून तो हलक्या हाताने मॅक्युलावर सोडायचा, अर्धा ते एक मिनिट थांबायचं, शोषून घ्यायचा. सुईतून जोरात फवारा मारला तर धारेचा मार बसतो, आणि मॅक्युलाला आरपार छिद्र असेल (पापुद्रा काढण्याचं तेही एक कारण) तर रंग त्यातून रेटिनाखाली शिरतो. निळा रंग फक्त पापुद्र्याला लागतो, सायीला लागत नाही. त्यामुळे निळ्या पटावर जिथे फिका डाग, तिथे साय. साय काढून पुन्हा रंग घातला की पापुद्रा तिच्यासोबत निघाला की अजून शिल्लक आहे, ते कळतं. हा दुसरा रंग घालायचा कंटाळा करू नये. त्याशिवाय पापुद्रा निघाला म्हणणं हा निव्वळ अंदाज.

मुख्य धोका पहिल्या चिमट्यात. अडीच मायक्रॉन पकडायचे आणि त्याखालचा चेतातंतूंचा थर सोडायचा. मॅक्युला आणि नस यांच्या मधल्या पट्ट्यात चिमटा घालायचा नाही, कारण मध्यभागी दिसण्याचे तंतू तिथूनच जातात. फोव्हियापासून दूर, रक्तवाहिनीवर नाही अशी जागा निवडायची. चिमट्याची टोकं टेकवून, न दाबता मिटायची. कड सुटली की ती वर उचलायची नाही, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर, गोलाकार ओढत न्यायची. वर उचललं की रेटिना तंबूसारखा उभा राहतो. तो उभा राहिलेला दिसला की लगेच सोडायचं आणि दुसऱ्या बाजूने धरायचं. चिमट्याच्या जागी रक्ताचा ठिपका येणं नेहमीचं, पण पांढरट खाच दिसली तर पकड खोल गेली. पुढे त्या जागी दृष्टिक्षेत्रात कायमचा छोटा आंधळा ठिपका राहू शकतो. रक्त वाहू लागलं तर सलाईनचा दाब थोडा वेळ वाढवायचा आणि आठवणीने खाली आणायचा. डोळ्यात नळीतून घातलेला दिवाही मॅक्युलापासून जमेल तेवढा लांब ठेवायचा, कारण तीव्र प्रकाश जवळून बराच वेळ पडला तर तोही इजा करतो.

हे सगळं सुरळीत झालं तरी पापुद्रा काढल्याच्या खुणा राहतात. पहिल्या काही आठवड्यांत तंतूंचा थर कमानीसारखा सुजलेला दिसतो, मग ओसरतो. एक ते तीन महिन्यांनी फोटोत तंतूंच्या दिशेने गडद रेघा आणि ओसीटीवर बारीक खळगे दिसतात. फ्रान्समधल्या तादायोनी आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये त्यांचं वर्णन केलं. मॅक्युला किंचित नसेकडे सरकतो, कानाकडच्या बाजूचा रेटिना थोडा पातळ होतो. तक्ता वाचताना यातलं काही सहसा जाणवत नाही. पण बिंदूबिंदूने संवेदना मोजणाऱ्या मायक्रोपेरिमेट्रीत बारीक मंद ठिपके सापडू शकतात. काचबिंदू असलेल्या डोळ्यात तंतू आधीच विरळ असतात, तिथे हे नुकसान जास्त महाग पडतं. त्या डोळ्यात पापुद्र्याला हात घालण्याआधी दृष्टिक्षेत्राची तपासणी झालेली असावी.

मग काढायचाच कशाला? मॅक्युलातल्या आरपार छिद्रासाठी उत्तर स्पष्ट आहे. 1991 मध्ये केली आणि वेंडेल यांनी 52 डोळ्यांवर जेल काढून गॅस भरला, तेव्हा 58 टक्के छिद्रं मिटली. पापुद्रा न काढता. पुढे ब्रिटन-आयर्लंडमधल्या, 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत महिन्याभराने पापुद्रा काढलेल्या गटात 84 टक्के छिद्रं मिटलेली होती, न काढलेल्या गटात 48. पापुद्रा रेटिनाला ताठ धरतो. तो गेला की छिद्राच्या कडा सैल पडून एकमेकींकडे येतात. 400 मायक्रॉनहून मोठ्या छिद्रात बऱ्याचदा तो पूर्ण फेकत नाहीत, कडेशी जोडलेला ठेवून छिद्रावर उलटवतात. 2010 मध्ये पोलंडच्या मिखालेव्स्का यांनी मांडलेली ही पद्धत. त्या झाकणाच्या आधाराने पेशी पसरून छिद्र भरतं.

साध्या सायीच्या बाबतीत प्रश्न मिटलेला नाही. पापुद्राही काढला तर साय पुन्हा धरण्याची शक्यता कमी होते, कारण तिला पसरायला जमीनच उरत नाही. पण त्याची किंमत वर सांगितली. साय अखंड निघाली, पापुद्रा सपाट दिसतोय, वय झालेलं आहे, काचबिंदू आहे, तर तो राहू द्यावा असं मला वाटतं. तरुण डोळा, दाहामुळे आलेली साय, किंवा सायीखाली पापुद्र्यालाच चुण्या राहिल्या असतील तर काढावा. ‘सगळ्यांचा काढतो’ आणि ‘कोणाचाच काढत नाही’ या दोन्ही उत्तरांनी माझं समाधान होत नाही.

मधुमेहातला थर ही वेगळी जात आहे. त्यात रक्तवाहिन्या असतात आणि तो खिळे ठोकल्यासारखा जागोजागी रेटिनात रुतलेला असतो. तो सोलायचा नसतो. खिळ्यांमधून कापून बेटं करायची, मग एकेक बेट खालून सोडवायचं. ओढलं तर रक्तस्राव होतो आणि आधीच पातळ झालेला रेटिना फाटतो. ऑपरेशनच्या दोन ते चार दिवस आधी बेव्हॅसिझुमॅब 1.25 मिलिग्रॅम डोळ्यात देतात, रक्तवाहिन्या सुकाव्यात म्हणून. पण त्याने थर आकसतोही, आणि इंजेक्शन देऊन ऑपरेशन लांबलं तर ओढ वाढून रेटिना सुटू शकतो. त्यामुळे तारीख नक्की झाल्यावरच हे इंजेक्शन घ्यावं. साखर, रक्तदाब किंवा डायलिसिसमुळे तारीख पुढे जाण्याची शक्यता असेल तर तसं आधी सांगावं.

नुसत्या सायीसाठी शेवटी बहुधा सलाईन किंवा हवा पुरते. छिद्रासाठी गॅस लागतो: एसएफ6 20 टक्के, साधारण दोन आठवडे टिकणारा, किंवा सी3एफ8 14 टक्के, सहा ते आठ आठवडे. 50 मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये पहिल्याचे 10 मिलिलिटर किंवा दुसऱ्याचे 7, बाकी हवा. मिश्रण दोघांनी मोठ्याने मोजून करावं. चुकून दाट गॅस गेला तर तो डोळ्यात फुगतो, दाब चढतो, रेटिनाचा रक्तपुरवठा बंद पडू शकतो. छिद्र मोठं असेल तर पहिले काही दिवस मान खाली घालून राहावं लागतं. त्यासाठी टेबलावर उशी ठेवून कपाळ टेकवणं कंबरेला सर्वांत कमी जड जातं. रात्री किमान पाठीवर तरी झोपू नये.

गॅस असताना विमान वर्ज्य, हे बहुतेकांना सांगितलं जातं. घाटाचं मात्र राहून जातं. मुंबईत गॅस भरून पुण्याला, साडेपाचशे मीटर उंचीवर आलं की हवेचा दाब घटून गॅस सुमारे 7 टक्के वाढू पाहतो. महाबळेश्वरला, साडेतेराशे मीटरवर, साधारण सहाव्या हिश्शाने. पोकळीच जेमतेम 4 मिलिलिटरची, आणि गाडी बोरघाट अर्ध्या तासात चढून जाते, डोळ्यातलं पाणी तेवढ्या वेगाने निचरत नाही. म्हणून ऑपरेशनच्या ठिकाणापेक्षा उंचावर घर असेल तर आधीच सांगा; मुक्काम लांबवणं, कमी टिकणारा गॅस निवडणं किंवा प्रवासाआधी दाब तपासणं, यातलं काहीतरी ठरवता येतं. पुण्यात ऑपरेशन करून कोकणात उतरणाऱ्याचा गॅस उलट आकसतो आणि डोळा मऊ पडतो. वाटेत डोळा ठणकला, मळमळलं, दिसणं काळवंडलं तर वर चढणं थांबवून खाली यायचं आणि जवळचा नेत्रतज्ज्ञ गाठायचा. मनगटावर बांधलेला ‘डोळ्यात गॅस आहे’ असा पट्टा काढू नका. या काळात दुसऱ्या कशासाठी भूल घ्यावी लागली आणि नायट्रस ऑक्साइड दिलं गेलं, तर तो वायू बुडबुड्यात शिरून त्याला झपाट्याने फुगवतो.

नजर परतायला वेळ लागतो. चुण्या काही आठवड्यांत सपाट होतात, पण वाचन तीन ते सहा महिने सुधारत राहतं, कधी वर्षभर. वाकडेपणा कमी होतो, पूर्ण जाईलच असं नाही. नैसर्गिक भिंग असलेल्या पन्नाशीपुढच्या डोळ्यात बहुधा दोन वर्षांच्या आत मोतीबिंदू वाढतो, म्हणून काही ठिकाणी दोन्ही कामं एकाच वेळी उरकतात. ऑपरेशननंतर चौथ्या-पाचव्या दिवशी दुखणं, लाली वाढून दिसणं घटलं, किंवा कधीही कडेने काळा पडदा सरकू लागला, तर त्याच दिवशी दवाखाना, दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही.

गॅस असलेल्या डोळ्याला सुरुवातीला हाताची हालचाल तेवढी दिसते. मग वरून एक आडवी रेघ दिसू लागते, रेघेच्या वर स्वच्छ, खाली धूसर. गॅस डोळ्यात वरच्या बाजूला तरंगतो आणि प्रतिमा उलटी पडते, म्हणून तो आपल्याला खाली दिसतो. रेघ रोज थोडी उतरते. मध्याखाली गेली की समोरचं दिसू लागतं. शेवटी खालच्या कडेला एक गोल बुडबुडा डुलत राहतो, कधी फुटून दोन-तीन होतात. तोही दिसेनासा झाला की डॉक्टरांना दाखवायचं आणि त्यांनी पाहिल्यावरच पट्टा कापायचा.